केल्डीवरची सकाळची पाळी

रोना लॅकलनच्या कोटाचं वरचं बटण लावत होती, तेवढ्यात त्यानं तिचा हात बाजूला सारला.

“आला,” तो म्हणाला.

पक्षी बघायच्या लाकडी लपणाची पुढची फळी त्यानं वर ढकलली. गार वाऱ्याचा झोत आत घुसला आणि बाकावरचे हातमोजे खाली पडले. रोनानं डोळे बारीक करून तळ्यापलीकडे पाहिलं. केल्डीच्या पाण्यावर काठाकाठानं अजून बर्फाची साय धरलेली होती. समोरच्या उतारावर तो शेंडा मोडलेला पाइन आणि त्याच्या माथ्यावर काटक्यांचा तो ढीग. त्या ढिगापायी तिच्या संसारातले सगळे एप्रिल वाया गेले होते.

“कुठं?”

“घरट्याच्या डाव्या अंगाला. वाळक्या फांदीवर. अगं, अशी काय बघतेस? पंख झाडतोय बघ. भिजलाय बिचारा.”

वाळकी फांदी होती. तिच्यावर काही नव्हतं.

“हं,” रोना म्हणाली.

लॅकलननं तोवर फोन कानाला लावला होता. पलीकडे एली होती. केल्डीच्या घरट्याची राखण करणाऱ्या मंडळींच्या पाळ्या तीच लावायची. त्याचा आवाज घरात नातवंड झाल्यासारखा फुलला होता. “आला गं पोरी! हो, हो, आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर बसलाय.”

मीनघारी हिवाळ्यात आफ्रिकेत जायच्या आणि मार्च सरता सरता परत यायच्या. आधी नर यायचा, मागून मादी. नर दिसल्याची पहिली बातमी दरवर्षी लॅकलन बेनकडून यायची आणि ती खरी का खोटी हे केल्डीत कुणी कधी विचारलं नव्हतं. लॅकलन म्हणाला म्हणजे आला.

अर्ध्या तासात कुरणाच्या फाटकाशी चिखलात गाड्या लागल्या. एली आली, पोस्टातली दोघं आली, शाळेतल्या बाई आल्या. ग्रेगर पिरी आला. सगळा जन्म खाटकाच्या दुकानात काढलेला हा माणूस रिकाम्या हातानं कुठं जात नसे. त्यानं सॉसेजचे गरम रोल कागदात बांधून आणले होते. सगळ्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. दुर्बिणी फांदीवरून घरट्यावर, घरट्यावरून पाण्यावर फिरल्या.

“लॅकी, तुझा पाहुणा तोंड धुवायला गेला वाटतं,” शेवटी ग्रेगर म्हणाला.

सगळे हसले. लॅकलनही हसला.

“मासा धरायला गेला असेल. एवढ्या लांबून आलेला गडी, भूक लागणार नाही?”

“लागेल की. मला तर घरून इथवर येतानाच लागली.”

रोल संपले. गारा मिसळलेला पाऊस सुरू झाला तशी एकेक गाडी निघून गेली. निघताना एलीनं रोनाकडे एकदा पाहिलं. रोनानं लगेच खाली वाकून हातमोजे उचलले, उगाच झटकले.

परतताना गाडी तीच चालवत होती. गेल्या पानगळीत लॅकलन पुलाच्या रस्त्यावर हरवला होता. वीजखात्यात लाइनमन असताना ज्या रस्त्यावरचा खांब न् खांब त्यानं उभा केला होता, त्याच रस्त्यावर गाडी बाजूला लावून, दिवे चालू ठेवून तो बसून राहिला होता. एका दूधवाल्यानं त्याला घरी आणून सोडलं. मग डॉक्टर झाले, इन्व्हर्नेसच्या खेपा झाल्या आणि आजाराचं नावही कळलं. ते नाव रोनानं न्यूझीलंडला असलेल्या मुलीखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्याच्या गाडीच्या किल्ल्या तिच्या एप्रनच्या खिशात असत. मार्च लागल्यावर त्यानं बूट काढून चरबी चोळायला घेतली, तशी तीही म्हणाली, “मी येते. डॉक्टरनं चालायला सांगितलंय मला. गुडघे धरलेत.”

गावात चार दिवस हाच विषय होता. रोना बेन, आणि लपणात! तिच्या केस कापायच्या दुकानात बायका पाण्याखाली डोकं धरल्या धरल्या विचारायच्या, काय गं, म्हातारपणी पक्ष्यांचं वेड लागलं की नवऱ्याचं? रोनाही कात्री वाजवत म्हणायची, “नवऱ्याचं लागून गेलं, तेव्हा तू शाळेत होतीस. आता मान खाली कर.”

वेड तिला कधीच लागलं नव्हतं. तिला राग होता, आणि त्या रागाला कारणं होती. लग्नाचा वाढदिवस एप्रिलमध्ये यायचा आणि त्या दिवशी लॅकलन केल्डीवर असायचा. मुलगी झाली त्या वर्षी अंडीचोरांचा सुळसुळाट होता. घरट्यातली अंडी पळवून श्रीमंतांच्या कपाटात मांडायला विकणारी माणसं तेव्हा डोंगरापलीकडून गाड्या घेऊन यायची. लॅकलन आठवडाभर पाइनच्या बुंध्याला काटेरी तार गुंडाळत बसला होता. दवाखान्यात आला तो गुडघाभर चिखलात, हातभर ओरखडे घेऊन. पाळण्यात डोकावून म्हणाला, “तिन्ही सुखरूप आहेत.” रोनाला वाटलं, तो आई, लेक आणि स्वतःला धरून बोलतोय. तो अंड्यांबद्दल बोलत होता. ही गोष्ट तिनं दुकानात इतक्यांदा सांगितली होती की आता ती विनोद म्हणूनच चालायची. पण सांगून झाल्यावर तिचा कंगवा घटकाभर केसांत अडकून राहायचा, ते कुणाच्या लक्षात येत नसे.

दोन दिवसांनी लॅकलननं पुन्हा फोन केला.

ह्या खेपेला रोना बाहेर फाटकाशी होती. ती परत आली तेव्हा तो दुर्बिणीला डोळा लावून बोलत होता. दुर्बीण तिकाटण्यावर घसरून खालच्या लव्हाळ्यावर रोखली गेली होती.

“अगं, अगदी स्वच्छ दिसतंय. उजव्या पायात पांढरं कडं. तोच! दुसरा कोण असणार?”

पलीकडून एली काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पक्षी ओळखू यावा म्हणून त्याच्या पायात रंगीत कडं घालत, आणि पांढऱ्या कड्याचा नर हा केल्डीवर घरटं बांधणारा पहिला. तो कित्येक वर्षांपूर्वी मेला होता. तारेला धडकून पडलेला तो पक्षी लॅकलननंच घरी आणला होता आणि सफरचंदाच्या झाडाखाली स्वतःच्या हातानं पुरला होता. हल्ली येणाऱ्या नराच्या डाव्या पायात निळं कडं असायचं. हे केल्डीतल्या शाळेच्या पोरांनाही पाठ होतं.

त्या दिवशी गाड्या आल्या नाहीत.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. एली दार ढकलून आत आली. टोपी काढून हातात धरून उभी राहिली.

“केस कापायचेत?” रोनानं विचारलं.

“नाही.”

“मग बस. चहा टाकते.”

“रोना, चहा नको. मी काय म्हणते ते आधी ऐकून घ्या.”

रोनानं फरशीवरचे केस झाडायला घेतले. फरशी स्वच्छच होती.

“शनिवारपर्यंत त्यांची पाळी राहू दे,” एली म्हणाली. “रविवारपासून सकाळी ग्रेगर बसेल. बाकीच्यांना मी सांगेन, की थंडी त्यांना मानवत नाही म्हणून. कुणी काही बोलणार नाही.”

“थंडी! तू दुपट्यात होतीस तेव्हापासून तो त्या थंडीत बसतोय.”

“माहीत आहे मला.”

“तुला पहिल्यांदा घरटं कुणी दाखवलं? खांद्यावर बसवून नेलं होतं. त्याच्या कॉलरमध्ये ओकली होतीस तू.”

“म्हणून तर मी आले,” एली म्हणाली. “दुसरं कुणी असतं तर फोनवर सांगितलं असतं. रोना, परवाची बातमी ऐकून मुद्दाम एडिनबराहून माणसं आली होती. त्यांचं एक सोडा. पण उद्या अंडी पडतील. कुणी झाडाखाली आलं आणि त्यांना दिसलंच नाही तर? किंवा नसलेलं कुणी दिसलं आणि ते एकटेच धावत पाण्यात गेले तर?”

रोनानं झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून पडला. तिनं तो उचलला नाही.

“त्याला मी सांगेन,” ती म्हणाली. “तू नको. ग्रेगर तर मुळीच नको. तो विनोद करेल.”

“तुम्हाला जमेल?”

“लग्न मी केलंय त्याच्याशी.”

शुक्रवारी संध्याकाळी तिनं त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, मानेभोवती टॉवेल गुंडाळला आणि कात्री घेतली. कठीण गोष्टी तिनं आयुष्यभर लोकांच्या पाठीमागे उभं राहूनच सांगितल्या होत्या. आरशात बघत बोललं की माणसं ऐकून घेतात. इथं आरसा नव्हता. लॅकलनची मान पुढे झुकलेली, पिसं उपटलेल्या पाखरासारखी बारीक. कानामागचे पांढरे केस तिनं एकेक करून कापले.

“लॅकलन.”

“हं.”

“उद्या आहे ना, ती पाळी...”

“उद्या येईल तो,” लॅकलन म्हणाला. “वारा दक्षिणेचा झालाय. धुराड्यातला आवाज बदललाय, ऐकलास का?”

ती ऐकत राहिली. वारा खरंच फिरला होता.

“मान सरळ ठेव,” ती म्हणाली.

शनिवारी पाऊस नव्हता. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर पिवळी फुलं फुटली होती आणि कुरणात नवी कोकरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. लॅकलन तिच्या पुढे चालत होता, काठी हवेत फिरवत. त्याचे पाय ती वाट विसरले नव्हते. ओहोळावरच्या फळीशी तो थांबला आणि मागे वळून तिला हात दिला.

“जपून. तुझे गुडघे.”

तिचे गुडघे ठणठणीत होते. तिनं हात धरला.

लपणात बसल्यावर तिनं दुर्बीण तिकाटण्यावर चढवली आणि त्याच्याकडून फोन मागून आपल्या खिशात ठेवला. तिनं ठरवलं, सूप पिऊन झालं की सांगायचं. मग ठरवलं, पाण्यावर ऊन आलं की. ऊन आलं. बदकांची एक जोडी पाणी उडवत उतरली आणि लव्हाळ्यात गेली. लॅकलन मांडीवर हात ठेवून शांत बसला होता. आज तो फांदीकडे बोट दाखवत नव्हता. डोळे उघडे होते, पण ते कुठं पोचले होते ते तिला कळेना.

“लॅकलन, मला तुला काही सांगायचंय.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सौम्यसं हसला.

तेवढ्यात उतारावरचे कावळे उठले. आधी दोन, मग सगळी झाडी काळी करत. ओरडत ते वर चढले आणि त्यांच्याही वरून, दक्षिणेकडच्या खिंडीतून, एक पक्षी येताना दिसला. लांब पंख मधेच मोडल्यासारखे वाकलेले. पोट पांढरं, उन्हात चमकणारं. कावळ्यांना तो जुमानत नव्हता. तळ्यावरून त्यानं एक मोठा फेरा घेतला, पाण्याजवळ आला, पुन्हा उंच गेला. मग पाय खाली सोडून, पंख मागे रेटत, त्या काटक्यांच्या ढिगावर उतरला.

रोना उभी राहिली होती. केव्हा उभी राहिली ते तिला कळलं नाही. तिनं दुर्बीण फिरवली, चुकली, पुन्हा फिरवली. डोळ्यावरून मागे गेलेली काळी पट्टी. पिवळा डोळा. डावा पाय, आणि त्यावर निळं कडं.

आयुष्यात पहिल्यांदा पक्षी तिनं आधी पाहिला होता. ती वळली. लॅकलनचं तोंड बघायचं होतं तिला.

तो पुढे वाकून बघत होता. कुतूहलानं, मान जराशी कलती करून.

“सुंदर आहे,” तो म्हणाला. “कुठला पक्षी म्हणायचा हा?”

तिला वाटलं, चेष्टा करतोय. नव्या माणसांची तो अशीच परीक्षा घ्यायचा. ती त्याच्या ओठांच्या कडेकडे बघत थांबली. तिथं हसू आलं नाही.

“मीनघार,” ती म्हणाली.

“असं?”

“नर आहे. नर आधी येतात. छाती जवळजवळ कोरी दिसते ना, त्यावरून ओळखायचं. मादीच्या गळ्यात तपकिरी हार असतो.” आपण हे बोलतोय याचंच तिला नवल वाटत होतं. इतकी वर्षं बटाटे सोलता सोलता, भांडी विसळता विसळता, अर्ध्या कानानं ऐकलेलं सगळं आत साठून राहिलं होतं. “पाण्यात पाय पुढे करून झेपावतो. तळव्यांना काटे असतात, म्हणून मासा निसटत नाही. आणि उडताना माशाचं तोंड नेहमी पुढे करून धरतो, वारा कापायला.”

“आणि येतो कुठून?”

“आफ्रिकेतून.”

“इतक्या लांबून?” लॅकलननं भुवया उंचावल्या. “ह्याच झाडावर?”

“ह्याच.”

“कमाल आहे.” तो थोडा वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे वळला. “तुम्हाला बरीच माहिती आहे.”

रोनाच्या हातात सूपच्या थर्मासचं झाकण होतं. ते तिनं हळूच बाकावर ठेवलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शहरातून पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांशी तो असाच बोलायचा, अदबीनं, थोडं अंतर राखून.

एलीला फोन करायला हवा होता. फोन तिच्या खिशात होता. तिनं त्याला हात लावला नाही.

“नेहमी येता इथं?” त्यानं विचारलं.

“नाही. ह्याच वर्षी यायला लागले.”

“एकट्याच?”

घरट्यावरच्या नरानं एक काटकी चोचीत उचलली, इकडून तिकडे नेली, पुन्हा होती तिथंच ठेवली.

“नवरा असतो बरोबर,” ती म्हणाली.

“नशीबवान माणूस.” लॅकलननं मान डोलावली. “माझी बायको नाही येत.”

“पक्षी आवडत नाहीत तिला?”

“छे! मासेचोर म्हणते ती यांना.” तो हसला, मोठ्यानं, अगदी पूर्वीसारखा. मग त्यानं मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पण खरं सांगू? मी तिला कधी विचारलंच नाही. येतेस का, एवढंसुद्धा नाही. फार बोलते हो ती. मला वाटायचं, पक्षी उडून जातील.”

रोनाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्यासारखाच होता तो. तिनं हातमोजा तोंडावर दाबून धरला आणि समोर बघत राहिली. तळं, पाइन, उतार, सगळं एकमेकांत मिसळून गेलं.

“सर्दी झालीय तुम्हाला,” लॅकलन काळजीनं म्हणाला. खिशातून त्यानं रुमाल काढला. तिनंच सकाळी घडी करून ठेवलेला. “घ्या. स्वच्छ आहे. बायको देते रोज.”

तिनं घेतला. नाक पुसलं.

“मग विचारा की तिला,” ती म्हणाली.

“आता? इतक्या वर्षांनी?”

“आता.”

त्यानं खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, काल कापलेल्या केसांवरून हात फिरवत.

“घेऊनच येतो उद्या,” तो म्हणाला. “पण तुम्ही असाल ना इथं? तुम्हीच सांगा तिला सगळं, आत्ता मला सांगितलंत तसं. मला बाईमाणसाशी नीट बोलता येत नाही.”

“असेन,” रोना म्हणाली, आणि त्याला समोरचं नीट दिसावं म्हणून बाकावर थोडी बाजूला सरकून बसली.